मंगवकील

अमरावतीच्या कोर्टात त्यांना नावानं ओळखणारे थोडेच होते. खेड्यावरून आलेला माणूस फाटकापाशी उभा राहून विचारायचा, “ते मंगवकील कुठी बसतात जी?” आणि पानठेल्यावरचा कोणीही त्यांच्या खोलीकडे बोट दाखवायचा. समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला, गप्प झाला, डोळे पुसू लागला, की साहेब मान जराशी तिरकी करून एवढंच म्हणायचे, “मंग?” एरवी कोर्टापुढे अस्खलित इंग्रजीत युक्तिवाद करणारा हा उंच, वाळका माणूस, पण अशिलासमोर बसला की त्याच्या तोंडी हा वऱ्हाडी ‘मंग’ यायचा. त्यात घाई नसे, संशय नसे. तुमचं पुढचं ऐकायला मी बसलेलो आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाररूममध्ये याची थट्टा चाले. आमची चार कामं उरकतात तोवर यांचं एक ‘मंग’ संपत नाही, असं लोक म्हणायचे. साहेब ही थट्टाही शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वकिली सोडायचं माझं ठरलेलं होतं. आमचं गाव अंजनगाव सुर्जीकडचं. घरानं बौद्ध धम्म स्वीकारला त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपूरहून वकिलीची परीक्षा पास होऊन अमरावतीला आलो. बाप तेव्हाही दुसऱ्याच्या वावरात बैल जुंपलेल्या डवऱ्यामागे चालत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, “आता माह्या पोराले कोर्टात खुर्ची हाये.” खुर्ची होती, हे खरं. तिच्यावरून मला कोणी उठवलं नाही. मी बसलो की शेजारच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या, एवढंच. पक्षकार यायचे, बोलायला सुरुवात करायचे, मग माझं गाव विचारायचे, आडनाव विचारायचे आणि “येतो जी, घरी इचारून” म्हणून उठायचे. ते परत येत नसत. पावसाळा गेला, हिवाळाही गेला. आवारातल्या निंबाखाली उभं राहायची मला सवय लागली, कारण बसलेल्या वकिलापेक्षा उभा असलेला वकील कामात असल्यासारखा दिसतो. गावी जायची हिंमत होत नव्हती. बाप खुर्चीबद्दल विचारणार, आणि मी काय सांगणार?

त्या निंबाखालीच एका दुपारी साहेब आले. “काय वकील, कसं काय चाललंय?” म्हणाले. मला ‘वकील’ अशी हाक त्या कोर्टात पहिल्यांदा ऐकू आली. मी सांगितलं, उद्यापासून मी येणार नाही, शाळेत मास्तरकी मिळते का बघतो. ते म्हणाले, “मंग?” मग मी बोलतच सुटलो. रिकाम्या खुर्च्या, परत न आलेले पक्षकार, डवऱ्यामागचा बाप, सगळं बाहेर आलं. भर उन्हात ते उभे होते, काळा कोट घालून, आणि त्यांनी एकदाही घड्याळाकडे किंवा रस्त्याकडे पाहिलं नाही. माझं संपल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुम्हाला वकिली सोडायची नाही. तुम्हाला तिथं एकट्यानं बसायचं नाही. बरोबर ऐकलं का मी?” मी हो म्हणालो. “तर मग माझ्या खोलीत बसा. तिथं एक खुर्ची मोडकी आहे, ती तेवढी सांभाळून घ्या.”

त्यांच्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांपेक्षा सतरंजीला मान होता. अशील खुर्चीवर अवघडला की साहेब स्वतः उठून सतरंजीवर मांडी घालायचे आणि हातातली पेन्सिल बाजूला ठेवायचे. माणूस बोलत असताना लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. “आपण लिहायला लागलो की तो आपल्याला लिहिता येईल एवढंच बोलतो,” ते म्हणायचे. प्रश्न विचारायचीही मला बंदी होती. “प्रश्न विचारला की माणूस आपल्या प्रश्नाचं उत्तर देतो, वकील. त्याला जे सांगायचं होतं ते त्याच्यापाशीच राहतं.” सगळं ऐकून झालं की ते त्या माणसाचंच बोलणं त्याच्याच भाषेत त्याला परत सांगायचे: “म्हणजे तुमी असं सांगून राहिले का...” आणि त्यानं मान हलवेपर्यंत पुढं जायचे नाहीत. पुष्कळदा मान नकारार्थी हलायची आणि खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची.

एकदा मोर्शीकडचा एक संत्र्याचा बागाईतदार धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणासाठी आला. भावानं बांध कोरून आपल्या वावरात घेतला होता. नकाशा होता, साक्षीदार होते, दावा सरळ जिंकण्यासारखा होता. साहेब ऐकत राहिले. धुऱ्यावरून तो बाभळीवर गेला, बाभळीवरून बैलावर, आणि बऱ्याच वेळानं भावाच्या पोरीच्या लग्नावर. “मले पत्रिकाबी नाई धाडली. वरात माह्या दारावरून गेली, मी आत बसून.” साहेब म्हणाले, “म्हणजे बांध त्याच्या आधी कोरला का मंग कोरला?” तो गृहस्थ चमकला. बांध चार वर्षांपूर्वीच कोरलेला होता, लग्न मात्र नुकतंच झालं होतं. साहेबांनी दावा लावला नाही. भावाला बोलावून घेतलं, त्याचंही तेवढंच ऐकलं, आणि दोघं भाऊ बैलांच्या एकाच दमणीतून गावी गेले. मी म्हणालो, हातातलं काम गेलं. साहेब म्हणाले, “त्या गावातलं प्रत्येक काम आता आपल्याकडे येईल.” आणि तसं ते आलंही.

घरी मात्र त्यांचं वेगळंच होतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला चहा देताना हसत म्हणायच्या, “जगाचं ऐकून येतात अन् घरी आले का बहिरे. दळण आणा म्हटलं तं हं म्हणते, अन् तसेच बसून राह्यते.” पण हसता हसता त्या आत वळून पाहायच्या. साहेब अंगणातल्या बाजेवर बसलेले असत, ताट तसंच समोर. दिवसभर ऐकलेलं ते कुठं ठेवत असतील, हे मला तेव्हा सुचलंही नाही. काकूंना सुचलं असावं. त्या विचारायच्या, “काय झालं जी आज?” आणि ते म्हणायचे, “काही नाही. जेव तू.”

अशात कोर्टानं मला एक काम दिलं. खुनाच्या आरोपीला वकील करायची ऐपत नसली की कोर्ट एखादा नवा वकील नेमून देई. आरोपी गिरजा नावाची बाई होती, माझ्याच वयाची, विधवा. तिची लहान मुलगी वावरातल्या विहिरीत बुडून मेली होती. गिरजाही त्याच विहिरीत सापडली, पण तिला जिवंत वर काढलं. दिरानं फिर्याद दिली की सकाळी घरात भांडण झालं, त्या रागात हिनं पोरीला विहिरीत लोटलं आणि स्वतः उडी घातली. आणि गिरजानं मॅजिस्ट्रेटपुढे एकच वाक्य सांगितलं होतं, “मीच मारलं पोरीले.”

तुरुंगात भेटायला गेलो तर माझ्यापुढेही तिनं तेच सांगितलं. मी समजावलं, कायदा सांगितला, फाशी म्हणजे काय तेही सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “मीच मारलं.” बाररूममधल्या जाणत्यांनी सल्ला दिला की गुन्हा कबूल कर आणि दयेची भीक माग. माझं पहिलं सेशनचं काम, आणि त्यात एका बाईचा गळा माझ्या हातात. जेवण जाईना. रस्त्यानं चालताना मी मनातल्या मनात युक्तिवाद करायचो आणि प्रत्येक युक्तिवाद त्या एका वाक्याशी येऊन मोडायचा. हे काम मला झेपणार नाही, कोर्टाला परत करतो, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चला, आपण तिच्याकडे जाऊन बसू.”

बसलोच आम्ही. पहिल्या खेपेला ती “मीच मारलं” म्हणाली आणि साहेब म्हणाले, “मंग?” तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते तुरुंगाच्या फरशीवर मांडी घालून बसून राहिले, वेळ संपेपर्यंत. दुसऱ्या खेपेलाही तेच. वाटेत टांग्यात मी वैतागून म्हणालो, “साहेब, ती बोलणार नाही.” त्यांनी टांग्याच्या दांडीला धरून बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी तुमच्याएवढा होतो तेव्हा अकोल्याचा एक अशील होता माझा. निकालाच्या आदल्या दिवशी म्हणाला, वकीलसाहेब, एक सांगायचं राहिलं. मी म्हटलं, मला सगळं कळलं आहे, वेळ नाही. त्याला फाशी झाली. तो काय सांगणार होता ते मला अजून माहीत नाही, वकील.” त्यांच्या ‘मंग’मध्ये काय असतं, ते मला त्या टांग्यात कळलं.

पुढच्या भेटीत गिरजा बोलली. साहेबांनी विचारलं म्हणून नव्हे. बाहेर कोणीतरी बादली आपटली, त्या आवाजानं ती दचकली. म्हणाली, “मीच मारलं. मीच तिले काठावर बसवलं.”

“मंग?”

“पानी काढाले दोनी हात लागते ना. तिले म्हनलं, हलू नको माय. मी दोर वोढून राहिली होती अन् आवाज आला.”

“मंग?”

“मंग काय. उडी घातली. मले पोहता येत नाई.” तिनं पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. “एकडाव हातात आली होती. पाय होता का हात होता, मालूम नाई. सुटली. मीच मारलं ना मंग?”

साहेबांनी तिचंच बोलणं सावकाश तिला परत सांगितलं: काठावर बसवली, आवाज आला, उडी घातली, हातात आली, सुटली. प्रत्येक तुकड्याला ती मान हलवत गेली. बाहेर आल्यावर ते तुरुंगाच्या भिंतीला टेकले. मला हायसं वाटलं होतं, पण ते म्हणाले, “हे आपण ऐकलं. कोर्टानं नाही ऐकलेलं. कोर्टासमोर तिचं एकच वाक्य आहे.” आणि दुसरा साक्षीदार कोण होता? कोणीच नाही. होता तो फक्त उकंडा, तिला वर काढणारा शेजारच्या वावरातला शेतकरी. पण तो सरकारचा साक्षीदार.

खटल्याच्या दिवशी गिरजा पिंजऱ्यात मान खाली घालून उभी होती. सरकारी वकिलांनी उकंडाला विचारलं, “तू विहिरीत उतरलास तेव्हा ही वर यायला तयार होती का?”

“नाई जी.”

“तू हात धरल्यावर काय केलं तिनं?”

“हात झटकून देल्ला.”

“संपलं,” म्हणून सरकारी वकील खाली बसले. सगळ्या कोर्टात एक सुस्कारा फिरला. जिला मरायचंच होतं तिनं लेकरालाही मारलं, हे जणू सिद्ध झालं. मी रात्रंदिवस खपून काढलेले प्रश्न घेऊन उठलो. शेजारी बसलेल्या साहेबांनी माझी बाही ओढली आणि कानाशी म्हणाले, “ते सगळं राहू द्या. त्याचं बोलणं संपलेलं नाही. त्याच्याकडे पाहा.”

मी पाहिलं. उकंडा खरोखरच तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता, सरकारी वकिलांकडे बघत. माझ्या तोंडून दुसरं काही आलंच नाही. मी म्हणालो, “हात झटकला. मंग?”

तो माझ्याकडे वळला. “मंग खाली गेली जी.”

“मंग?”

“मी केसाले धरून वर आनलं. तिनं पुन्हा पान्यात तोंड घातलं. वर यायेच ना. तिचे हात खाली होते जी. असे.” आणि त्या धिप्पाड माणसानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वाकून दोन्ही हात हवेत फिरवले, अंधारात पडलेलं काही चाचपावं तसे. “पोट्टीले पाहून राहिली होती. आताच सुटली, आताच सुटली, म्हनत होती. मी जबरीनं वोढली. मी नसती वोढली तं...”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. “हे पोलिसांना का सांगितलं नाही?” त्यांनी विचारलं.

“मले कोनी इचारलंच नाई, सायेब. वर येत होती का म्हनून इचारलं. मी नाई म्हनलं.”

गिरजा सुटली. त्या निकालानं माझं नशीब फिरलं. पक्षकार माझं गाव विचारेनासे झाले, निदान विचारून बसून तरी राहू लागले. “त्या वकिलाकडे जा, तो बोलू देते,” असं खेड्यांतून सांगितलं जाऊ लागलं. बाप एकदा येऊन कोर्टाच्या दारातून मला काम करताना पाहून गेला. बाहेरचे म्हणायचे, काय उलटतपासणी केली! मी काय केलं होतं, ते मला आणि साहेबांना माहीत होतं.

पण निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर जे झालं ते मला आजही सोसत नाही. गिरजाला न्यायला कोणी आलं नव्हतं. सासरचे निघून गेले होते, माहेरी म्हाताऱ्या आईवाचून कोणी नव्हतं. मी आनंदानं काहीतरी बोलायला गेलो. ती साहेबांकडे बघून शांतपणे म्हणाली, “तुमी ऐकलं, सायेब. लय उपकार झाले. पन पोरगी तं नाई ना आली.” साहेबांनी तिला टांग्यात बसवलं आणि घरी नेलं. काकूंनी तिला उन्हाळाभर लेकीसारखं ठेवून घेतलं. ती भांडी घासायची, अंगण झाडायची, विहिरीकडे मात्र जायची नाही. पाणी काकूच काढायच्या. पावसाळ्याच्या तोंडी ती आईकडे जाते म्हणून गेली आणि आईसोबत काही काळ राहून तापानं वारली, असा निरोप आला. निरोप ऐकला तेव्हा साहेब अशिलासमोर बसले होते. त्यांनी त्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकलं. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि दिवसभर उघडलं नाही.

महाराष्ट्र झाल्यानंतर मी अकोल्याला बिऱ्हाड केलं. पुढं सरकारी वकील झालो. साक्षीदाराला “संपलं” म्हणण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघायचं, एवढं मी कधी सोडलं नाही. नव्या मुलांना वाटे, ही माझी युक्ती आहे. अमरावतीला गेलो की साहेबांकडे जायचो. ते थकत चालले होते, पण खोलीत सतरंजी भरलेलीच असे. मी म्हणायचो, “आता पुरे करा, साहेब.” ते म्हणायचे, “लोक येतात ना.”

एका उन्हाळ्यात काकूंचा निरोप आला म्हणून मी पहिल्या गाडीनं गेलो. साहेबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचा गेली होती. ते बाजेवर पडून काहीतरी सांगायची धडपड करत होते, घशातून नुसते आवाज येत होते, आणि भोवतालची माणसं कळवळून विचारत होती, “पाणी देऊ का? उशी पाहिजे का? कोणाला बोलावू?” प्रत्येक प्रश्नाला त्यांचे डोळे मिटायचे आणि आवाज अर्ध्यावर थांबायचा. पुन्हा सुरू करायचे, पुन्हा कोणीतरी मधेच विचारायचं. असं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. काकूंना राहू दिलं. बाजेशेजारी खाली बसलो आणि काही बोललो नाही.

बराच वेळ गेला. त्यांचे डोळे माझ्यावरून काकूंवर गेले आणि तिथं थांबले. ओठ वाकडे होत होते. मग एकेक अक्षर जोडत त्यांनी म्हटलं, “थ... क... लो.”

काकूंनी पदर तोंडात धरला. सगळ्या संसारात साहेबांच्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. पण साहेब थांबले नाहीत. त्यांना आणखी सांगायचं होतं, पुष्कळ सांगायचं होतं. डाव्या हातानं बाजेची दोरी घट्ट धरून ते बोलत राहिले, बिनशब्दांचं, कधी चिडून, कधी रडकुंडीला येऊन. काकू माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसल्या. त्यांनीही काही विचारलं नाही. त्यातलं आम्हाला काहीच कळलं नाही. दुपार कलून उन्हं दाराबाहेर गेली तेव्हा त्यांना झोप लागली. तोवर आम्ही दोघंही तिथून उठलो नाही.